डोकं वर करायचं बटण

३ जून

काका,

मी तुमच्या दादांची मुलगी. तुम्ही मला चिंगी म्हणायचात, निदान मला तसं आठवतं. तुम्ही गेलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आता एकतीस पूर्ण होतील. तुमचा पत्ता बाबांच्या दुकानाशेजारच्या रेडिओवाल्या आजोबांनी दिला. देताना म्हणाले, फोन करू नकोस, लिही. का, ते सांगितलं नाही.

विचारपूस करायला लिहीत नाहीये, खोटं कशाला बोलू. काम आहे.

आई आजारी आहे. तीन वर्षांपूर्वी हातातून वाट्या निसटायला लागल्या, मग पाय गेले, मागच्या वर्षी वाचा गेली. डोकं अगदी शाबूत आहे. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलतो. मी अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवते, हवं ते अक्षर आलं की ती अंगठा उचलते. असं आमचं बोलणं.

तिचा पलंग विजेवर चालतो. रिमोटनं डोक्याकडची बाजू वर-खाली होते, पायाकडचीही. आडवं ठेवलं की थोड्या वेळानं तिला श्वास पुरत नाही आणि सतत बसवून ठेवलं की पाठीला जखमा होतात. मागच्या आठवड्यात रिमोट माझ्याच हातून पाण्याच्या बादलीत पडला. वाळवल्यावर तीन बटणं परत चालू झाली. डोकं वर करायचं बटण कायमचं गेलं. पलंगाची कंपनी कधीच बंद पडली आहे. मी दिवसभर गणवेश शिवायच्या कारखान्यात असते. शेजारच्या मावशी बारा वाजता आणि तीन वाजता येऊन बघतात. मधल्या वेळात आई जशी ठेवली तशी.

नाक्यावरची मोबाइल दुरुस्तीवाली म्हणते, रिमोटचं प्रत्येक बटण पलंगाला आपापला एक आकडा कळवतं, त्या बटणाचा आकडा आणून दे, तोच आकडा सोडणारं दुसरं बटण मी बनवते, नुसत्या अंगठ्याच्या भारानं दाबलं जाईल असं. पण मेलेल्या बटणाचा आकडा काढायचा कुठून? आजोबा म्हणाले, हे काम तुझ्या काकाचं.

आईला हे पत्र माहीत नाही.

चिंगी


११ जून

चिंगे,

चिंगीच म्हणायचो. फ्रॉकच्या खिशात दुकानातले स्क्रू भरून न्यायचीस.

फोन नको, कारण मला ऐकू येत नाही. वीस वर्षं पत्रा कापायच्या कारखान्यात काढली, प्रेसच्या धडधडीनं दोन्ही कान नेले. भिंतीला कान असतात म्हणतात, म्हणजे माझ्यापेक्षा भिंत बरी.

आता नीट वाच. रिमोट उजेडानं बोलतो, पण तो उजेड माणसाला दिसत नाही. तो पाहणारा डोळा कुठल्याही भंगार टीव्हीच्या पुढच्या पट्टीमागे असतो. वाटाण्याएवढा, काळा, तीन पायांचा. एका पायाला वीज, एकाला जमीन म्हणजे अर्थिंग, तिसरा बोलका. मोबाइलवालीला सांग, वीज जुन्या चार्जरमधून दे आणि बोलक्या पायाची तार, मधे वीज रोखणारा चांगला मोठा रेझिस्टर घालून, कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात सोड. रेझिस्टर विसरलीस तर कॉम्प्युटर जाईल. कॉम्प्युटरला वाटेल कुणीतरी बोलतंय. वाटू दे.

मग आवाज रेकॉर्ड करायचा कुठलाही प्रोग्रॅम लाव आणि चालू असलेली तीन बटणं एकेक करून दाब. ऐकून काही कळणार नाही, नुसती खरखर. पण त्या आवाजाचं चित्र ताणून मोठं केलंस की कंगव्यासारखे दात दिसतील. सुरुवातीला एक रुंद खांब, मग बत्तीस दात. दातांमधल्या फटी दोनच प्रकारच्या, अरुंद आणि रुंद. अरुंद म्हणजे शून्य, रुंद म्हणजे एक. बटणाचा आकडा एकदा सुलटा येतो आणि लगेच उलटा करून, म्हणजे चूक झाली तर कळते. तिन्हींची चित्रं छापून मला पाठव. तीन भावंडं कळली की चौथ्याचं नाव काढता येईल.

वहिनींना मी सांगतोय हे कळू देऊ नकोस. माझ्या हातचं म्हटलं तर त्या ते बटण घेणार नाहीत.

काका


२४ जून

काका,

तीन कागद सोबत आहेत. पहिल्या दिवशी काहीच उमटलं नाही. मोबाइलवालीनं दोन पायांची अदलाबदल केली होती, डोळा तापून गेला. दुसरा टीव्ही शोधावा लागला. मग मी 'डोकं खाली' दाबलं आणि पडद्यावर एकदम दात आले. तुम्ही म्हणालात तसे अगदी, रुंद खांब आणि मग कंगवा. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या हसलो.

हे सगळं आईच्या खोलीतच चाललं होतं. तिनं तक्ता मागितला आणि विचारलं, 'हे कुणी शिकवलं?' मी म्हटलं, पुस्तकात आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. बाबा गेल्यावर घरात कुणी पेचकस हातात घेतला नाही, काका. बल्ब बदलायलासुद्धा आई माणूस बोलवायची.

तिनं बटण का घेऊ नये? असं काय झालं होतं? मला एवढंच माहीत आहे की बाबा दुकानात टीव्हीचा शॉक लागून गेले, आणि महिन्याभरात तुम्ही कुणाला न सांगता निघून गेलात. आई शिवण करून मला वाढवत होती आणि तुम्ही कुठे आहात हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं.

कागद मोठे छापले आहेत, तुमच्या डोळ्यांचं वय माहीत नाही म्हणून.

चिंगी


२ जुलै

चिंगे,

कागद पोचले. चित्रं उत्तम आलीत. पट्टी घेऊन एकेक फट मोजली, मागचा उलटा आकडाही ताडून पाहिला, बरोबर जुळतो. 'डोकं खाली' १६०, 'पाय वर' ९६, 'पाय खाली' २२४. सगळे बत्तीसच्या पाढ्यातले. मधे १९२ रिकामा दिसतो. मला वाटतं तोच. मोबाइलवालीला दे. माझ्या खुणांचे कागद परत पाठवतोय, तिला लागतील.

बाकी विचारलंस त्याचं उत्तर नंतर.

काका


१३ जुलै

काका,

१९२ चुकीचा निघाला. मोबाइलवालीनं बटण छान केलं होतं, बशीएवढं, वर मऊ कापड. आईच्या अंगठ्याखाली ठेवलं, मावशीही आल्या होत्या बघायला. आईनं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ती सतरा वेळा दाबत राहिली. मी शेवटी तिच्या हाताखालून बटण काढून घेतलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला ते पुसता येत नाही.

तुम्ही 'मला वाटतं' असं लिहिलं होतंत, ते मी नीट वाचायला हवं होतं. चूक माझीच. पण तुम्हाला तिकडे बसून वाटतं, आणि इथे तो अंगठा मी बघते. मधेच सोडून जायची तुमची सवय असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरं कुणी बघते.

चिंगी


२० जुलै

चिंगे,

रागावलीस ते योग्यच केलंस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत. हे रिमोट आकडा शेपटीकडून सांगतात, लहान घर आधी, मोठं घर नंतर. मी डोक्याकडून वाचत होतो. एके काळी हे मला झोपेतही ठाऊक होतं. तुझं पत्र आल्यावर वहीत उतरवून ठेवलेली तीच चित्रं पुन्हा मांडली आणि उजवीकडून डावीकडे वाचली. 'डोकं खाली' पाच. 'पाय वर' सहा. 'पाय खाली' सात. आता 'डोकं वर' काय असेल ते तूच सांगशील. चार.

ह्या वेळी 'वाटतं' म्हणत नाही. तरी आधी आईसमोर नको, रिकाम्या पलंगावर करून बघा. त्यांना पुन्हा तसं बघावं लागू नये.

मी सोडून जात नाहीये.

काका


१ ऑगस्ट

काका,

चारच.

आईला खुर्चीत बसवून आधी रिकाम्या पलंगावर केलं. पलंग कुरकुरला आणि डोक्याची बाजू उठली. मग आईला निजवलं, अंगठ्याखाली बटण ठेवलं. तिनं दाबलं, वर आली. खाली जायचं बटणही शेजारीच केलंय. ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर. मावशी म्हणाल्या, बघा कशी झोपाळ्यावर बसलीय. आई हसली. आवाज होत नाही, पण हसली.

त्या दिवसापासून मी कारखान्यात सुई-दोऱ्याकडे बघून काम करते, घड्याळाकडे बघून नाही.

आता दुसरं. तुम्ही खुणा आणि मापं लिहून पाठवलेले कागद मी शिलाई मशिनवर ठेवले होते. आईनं ते पलंगावरून पाहिले. तुम्ही इंग्रजी सातचा आकडा मधे रेघ मारून लिहिता, ते तिनं ओळखलं. तक्ता मागितला आणि विचारलं, 'भाऊजी?' मला खोटं बोलता आलं नाही.  दोन दिवसांनी तिनं तुम्हाला पत्र सांगायला घेतलं. रोज थोडं थोडं, चार दिवस लागले, कारण अंगठा दमतो. ती म्हणाली, जसंच्या तसं लिही.

'भाऊजी, बटण चालतं. ह्यांनी प्लग काढला नाही, त्यात तुमचा काय दोष? या एकदा.'

एवढंच आहे.

चिंगी


२२ ऑगस्ट

चिंगे,

तीन आठवडे लावले, त्याबद्दल माफ कर. हे पत्र पाच वेळा लिहून फाडलं.

'ह्यांनी प्लग काढला नाही' हे वहिनींना मीच सांगितलं होतं. पोलिसांनाही तेच सांगितलं. ते खोटं आहे.

दादानं प्लग काढला होता. त्याची सवयच होती, आधी प्लग, मग मागचं झाकण. तो टीव्हीत हात घालून बसला होता, मी त्याच्या पाठीशी. मला तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापवायचं होतं. बोर्डाशी दोन काळ्या वायरी पडल्या होत्या. मी न बघता एक उचलली आणि लावली. ती टीव्हीची होती. दादा काही बोललासुद्धा नाही. नुसता पुढे कलला, काहीतरी निरखून बघतोय असा. मी म्हटलं, काय सापडलं?

लोक जमायच्या आत मी प्लग काढला. आणि मग ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, दादा विसरला.

महिनाभर वहिनींच्या हातचं जेवलो. त्या मला वाढताना म्हणायच्या, तुम्ही तरी खा. एक दिवस ताट तसंच ठेवून उठलो. त्या दिवशी निघालो.

हे त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यांची तब्येत मला माहीत नाही, तुला माहीत आहे. पण दादा विसराळू होता असं समजून त्यांनी मला बोलवावं, हे मला घेता येणार नाही. आणि तुझे बाबा निष्काळजी नव्हते, हे तुला तरी कळायला हवं. तू मला पुन्हा लिहिलं नाहीस तर मी समजेन.

तुझा काका


५ सप्टेंबर

काका,

पत्र माझ्याकडे सहा दिवस पडून होतं. शिवताना बोटात सुई गेली, दोनदा. लहानपणी शेजारपाजारचे म्हणायचे, बाप हुशार होता पण धांदरट, आणि मी ते खरं मानून मोठी झाले. त्याबद्दल मला तुमचा राग आहे. अजून आहे. तो जाईल की नाही, माहीत नाही.

तरी वाचून दाखवलं. रविवारी, सकाळी, आईला बसवून. एक शब्द गाळला नाही. वाचताना मी तिच्याकडे बघितलं नाही. संपल्यावर बघितलं तर ती खिडकीकडे बघत होती. मी तक्ता धरला. अंगठा हलला नाही. दुपारीही नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तेव्हा तिनं स्वतः तक्ता मागितला.

'माहीत होतं,' ती म्हणाली.

मी विचारलं, केव्हापासून?

'त्याच दिवशी. हे प्लग काढल्याशिवाय झाकण उघडत नसत. विसरणं शक्य नव्हतं.'

मग मी तेच विचारलं जे तुम्हीही विचारलं असतंत. माहीत होतं तर बोलली का नाहीस? त्यांना वाढत का राहिलीस? तिला बराच वेळ लागला. मधे एकदा मी थांबूया म्हटलं तर तिनं डोळे वटारले.

'वाटलं, स्वतः सांगतील. राग प्लगचा नव्हता. निघून गेले त्याचा होता.'

मागच्या पत्रात तिनं मुद्दाम तसं लिहायला लावलं का, हेही मी विचारलं.  अंगठा तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टर म्हणतात छातीचे स्नायू थकत चाललेत. यायचं तर वेळ काढू नका.

चिंगी


९ ऑक्टोबर

चिंगे,

घरी पोचलो. गाडी चार तास उशिरा आली, बाकी प्रवास ठीक.

तुझ्याकडे होतो त्या आठ दिवसांत काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू कामावर गेलीस की आम्ही दोघंच. वहिनींना बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही. मावशी म्हणे दारातून बघून गेल्या आणि तुला म्हणाल्या, घरात कुणी आहे की नाही असं वाटतं. पहिल्या दिवशी मी तक्ता घेऊन बसलो. पाठ करून आणलेली माफी होती, ती बोलायला लागलो. त्यांनी अंगठा उचलला, मी बोट फिरवलं. शब्द निघाला 'जेवलात?'

मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, 'आधी जेवा.'

मग मी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवलो. त्यानंतर तो विषय त्यांनी काढू दिला नाही. मी दुपारभर बटणाची तार तपासायचो, पलंगाच्या सांध्यांना तेल घालायचो, त्या वर-खाली करत मला बघायच्या. निघताना मी पायाला हात लावला. तेव्हा त्या काही म्हणाल्या का? मी तक्त्याकडे बघितलंच नाही, गाडी चुकेल म्हणून. तक्ता तुझ्या हातात होता. सांग.

बटणाच्या वायरीला पलंगाच्या कडेशी ताण बसतो, तिथे चिकटपट्टी लावलीय. महिन्याला बदल.

काका


२ डिसेंबर

काका,

आई गेली. मागच्या मंगळवारी, दुपारी.

बाराला मावशी येऊन गेल्या तेव्हा ती ठीक होती, आडवी होती. तीनला आल्या तेव्हा पलंगाची डोक्याची बाजू पूर्ण वर होती आणि आई गेलेली होती. अंगठा बटणावर होता.

तुम्हाला एकच प्रश्न पडणार आणि तोच तुम्ही लिहायचं टाळणार, म्हणून मी आधीच उत्तर देते. बटण चाललं होतं. पलंग वर आला होता. तिला वर यायचं होतं आणि ती वर आली, पुढे श्वासानं साथ दिली नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून काल मी पुन्हा डोळा आणि तार लावली, तेच बटण दहा वेळा दाबलं आणि रेकॉर्ड केलं. दहाही कागद सोबत आहेत. पट्टी घ्या आणि मोजा.

आता माझं. त्या दिवशी सकाळी मी निघताना आईनं अंगठा उचलला होता. तिला काही बोलायचं होतं. मला उशीर झाला होता, गणवेशांची मोठी खेप द्यायची होती. मी म्हटलं, 'आल्यावर बोलू.' आणि तक्ता न घेता गेले. ती काय म्हणणार होती ते आता कधीच कळणार नाही. पाणी मागत असेल. जाऊ नको म्हणत असेल. हे मी मावशींनाही सांगितलेलं नाही.

तुम्ही निघताना ती काय म्हणाली ते तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. म्हणाली, 'पुन्हा या.'

चिंगी


१० डिसेंबर

चिंगे,

दहाही कागद मोजले. दोन दिवस लागले, डोळ्यांत पाणी येऊन फटी पुसट व्हायच्या. दहाच्या दहा बरोबर. तू हे पाठवलं नसतंस तर मी जन्मभर त्या चिकटपट्टीचा विचार करत बसलो असतो. दादा गेला तेव्हा असा कागद पाठवणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यावर माझंच नाव निघालं असतं.

तक्त्याचं मला सांगितलंस, फार बरं केलंस. मी बावीस वर्षं लावली, तू आठ दिवस. त्या काय म्हणणार होत्या ते मला माहीत नाही आणि मी बनवून सांगणार नाही. 'तुझा काही दोष नाही' असंही म्हणणार नाही. लोक ते मला दादाच्या वेळी म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी मी आणखी आत जायचो. तू उशीर झाला म्हणून गेलीस. हे असंच राहील. रोज थोडं उचलायचं आणि कामावर जायचं, दुसरा उपाय मला सापडलेला नाही. पण मी एकट्यानं उचललं, ते तू करू नकोस. मला लिहीत जा, तेच तेच लिहिलंस तरी चालेल.

काल कारखान्यात फोरमननं पाटीवर लिहून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, वहिनी. त्यानं पुन्हा लिहिलं, जवळच्या होत्या? मी पाटी खाली ठेवून प्रेस चालू केली. दादा म्हणून हाक मारायला दादा नाही, आणि मला भाऊजी म्हणणारं आता जगात कुणी उरलं नाही. काका म्हणणारी तू एक आहेस.

रविवारी निघतोय. ह्या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही.

काका